साडेतीन इंचांचा प्रश्न: बोटीच्या डेकमध्ये पेडलसाठी खड्डा करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणारे हे गृहस्थ साठीला टेकलेले. नाव देत नाही. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात, तसंच मीही म्हणतो. जन्म कोकणातल्या खाडीकाठचा, त्यामुळे गळाचं वेड जुनंच. टेक्ससात आल्यावर ते वेड लार्जमाउथ बास या माशाकडे वळलं, आणि मुलं मार्गी लागल्यावर काकांनी एक जुनी बोट घेतली. अठरा फुटी, अॅल्युमिनियमची, वीसेक वर्षं वापरलेली.

त्यांचं आवडतं पाणी म्हणजे डॅलसच्या पूर्वेला दीड-दोन तासांवर असलेलं लेक फोर्क. 1980 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि हा जलाशय भरू लागला. भरताना खालचं जंगल बरंचसं तसंच ठेवलं होतं, त्यामुळे आजही पाण्यातून झाडांचे खुंट उभे दिसतात आणि त्याहून जास्त पाण्याखाली दडलेले असतात. टेक्ससचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 मध्ये याच पाण्यात लागला. मोठे मासे त्या खुंटांच्या आसऱ्याला असतात आणि तिथे मागचं पेट्रोल इंजिन चालवून जाता येत नाही. मासे बिथरतात आणि पंखा खुंटावर आपटतो तो वेगळाच.

तिथे लागते ट्रोलिंग मोटर. बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलेली, बॅटरीवर चालणारी, जवळजवळ आवाज न करणारी छोटी मोटर. काकांची चोवीस व्होल्टची, सत्तर पौंड रेट्याची, पेडलला जोडलेल्या तारेच्या केबलने वळणारी. पुढच्या डेकवर उभं राहायचं, एक पाय पेडलवर ठेवायचा. चवडा दाबला की बोट उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. मोटर चालू-बंद करायचं बटणही त्याच पेडलवर. हात दोन्ही रॉडसाठी मोकळे. केबलचं पेडल जुनं तंत्र असलं तरी खुंटांच्या गर्दीत त्याच्या इतकं हुकमी दुसरं काही नाही, असं काकांचं मत. मला ते पटतं.

अडचण

पेडल डेकवर ठेवलेलं असतं आणि त्याला स्वतःची उंची असते. काकांच्या पेडलवर पाऊल सपाट ठेवलं की ते डेकपासून साडेतीन इंच वर येतं. म्हणजे उजवा पाय साडेतीन इंच वर, डावा खाली, आणि शरीराचा जवळजवळ सगळा भार डाव्या पायावर. असं सहा-सात तास.

दोन-तीन हंगाम काहीच जाणवलं नाही. मग डाव्या खुब्यात आणि कमरेत दुखू लागलं. फिजिओथेरपिस्टने पाठीचे व्यायाम दिले. त्यांचा गुण आला, पण शनिवारी बोटीवर गेलं की रविवारी पुन्हा तेच. शेवटी काकांनी आपण कसे उभे राहतो ते मोबाइलवर चित्रित करून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, की एका पायाखाली वीट ठेवून तुम्ही घरी सहा तास उभे राहाल का?

तरीही काका हललेच असते असं नाही. त्यांना हलवलं ते दुसऱ्या एका गोष्टीने. नोव्हेंबरात शेजारून वेगात गेलेल्या बोटीची लाट आडवी आली. पाण्यावर आपला तोल घोटे आणि गुडघे सांभाळतात, पण एक पाय पेडलवर अधांतरी असला की सगळी मदार दुसऱ्यावर. काका पुढे झुकले आणि मोटरच्या दांड्याला धरून कसेबसे वाचले. पाणी थंड होतं, बोटीवर ते एकटे होते, आणि लाइफ जॅकेट मागच्या सीटवर पडलेलं होतं.

त्यानंतर त्यांचा मला फोन आला. मी शीटमेटलच्या धंद्यातला, हवेचे डक्ट बनवण्यात आयुष्य गेलेलं. बोटींची कामं हौस म्हणून करतो. काकांचं म्हणणं सरळ होतं. “अरे, डेकला भोक पाडायचं आणि पेडल आत बसवायचं. तू जिगसॉ घेऊन ये, दुपारपर्यंत होईल.”

विचारात घेतलेले पर्याय

भोक हा एकच पर्याय नव्हता, आणि ते एकदा पाडलं की पूर्ववत होत नाही. म्हणून आधी बाकीचे मार्ग तपासले.

पहिला, उंच टेकण-सीट. पुढच्या डेकवर खांबावर बसणारी छोटी गादी असते, तिला टेकून उभं राहायचं. खर्च किरकोळ, कापाकापी शून्य. काकांकडे ती होतीच, पण ते वापरत नव्हते. त्यांना खुंटांमध्ये झुकून, पाय हलवत मासेमारी करायची सवय. ज्याला उभंच राहायचं आहे त्याला सीट देऊन उपयोग नसतो.

दुसरा, डेकच उचलणं. पेडलच्या मागे आणि बाजूला प्लायवुडचा साडेतीन इंची पाट करायचा, म्हणजे दोन्ही पाय एका पातळीवर. बऱ्याच जुन्या बोटींवर लोक हेच करतात आणि त्यात वावगं काही नाही. पण काका आधीच काठावरून तोल जाता जाता वाचले होते. उभ्या माणसाला आणखी वर न्यायचं आणि शिवाय डेकवर ठेच लागायला एक कड तयार करायची, हे मला नको होतं. हा पर्याय मी बाद केला, काकांनी नव्हे.

तिसरा, मोटरच बदलणं. आता विजेवर वळणाऱ्या, उपग्रहाच्या मदतीने एका जागी बोट धरून ठेवणाऱ्या मोटरी मिळतात. त्यांचं पेडल बिनतारी किंवा बारीक वायरीचं असतं, काहींबरोबर हातात धरायचा रिमोटही येतो. पण त्यांना पदरचे बरेच पैसे मोजावे लागतात. जुन्या बोटीवर एवढा खर्च काकांना जड होता. आणि पुन्हा खुंटांतला केबलचा हुकमी ताबा सोडायचा होता.

चौथा, खड्डा. त्यातही दोन प्रकार. बाजारात तयार प्लास्टिकचे ट्रे मिळतात, शंभर डॉलरच्या आगेमागे. डेकला माप कापून वरून सोडायचे आणि कडेने स्क्रू मारायचे. किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी वाकवून, वेल्ड करून घ्यायची. पत्र्याची पेटी माझ्यासाठी एका संध्याकाळचं काम होतं आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते. तरी ट्रेच घेतला, कारण त्याचे कोपरे गोलाकार, कडा मऊ आणि केबल बाहेर काढायची खाच घडवलेली असते. पत्र्याच्या पेटीत अनवाणी घोटा आपटला की काय होतं ते मी धंद्यात पाहिलेलं आहे.

निर्णय पहिला: खोली किती?

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो योग्यच होता.

ट्रेच्या आतली खोली साडेचार इंच. पावलाची उंची साडेतीन. म्हणजे ट्रेमध्ये पेडल ठेवलं की पाऊल डेकच्या एक इंच खाली जाणार. काकांच्या मते हे छानच: “खोल तेवढं बरं, ठेच तर लागणार नाही.” कागदावर एक इंच काहीच नाही. पण पाऊल सपाट असतानाचं हे माप आहे. चवडा पूर्ण दाबला की पुढचा भाग आणखी खाली जातो आणि बुटाचं टोक ट्रेच्या पुढच्या भिंतीला भिडतं. टाच दाबली की बुटाची टाच मागच्या भिंतीला.

म्हणून बोटीला हात लावण्याआधी गॅरेजच्या फरशीवर ट्रे ठेवला. भोवती लाकडाचे ठोकळे आणि प्लायवुडचे तुकडे रचून बरोबर साडेचार इंच उंचीचा खोटा डेक केला. काकांना त्यांचे नेहमीचे बोटीवरचे बूट घालून त्यावर उभं केलं, हातात रॉड दिला. काकू दारातून बघत होत्या. “आता गॅरेजात मासे धरणार का?” असं म्हणून चहा ठेवायला गेल्या.

पहिल्या पाच मिनिटांत काकांना काही जाणवलं नाही. पंधरा मिनिटांनी ते न सांगताच डावा गुडघा वाकवू लागले. उजवं पाऊल एक इंच खाली असल्याने आता डावा पाय लांब पडत होता आणि भार उलट्या बाजूला झुकत होता. आधीचा दोष गेला आणि त्याचा धाकटा भाऊ आला. शिवाय टाच दाबताना बूट मागच्या भिंतीला घासत होता.

काकूंचा जुना पांढरा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड आम्ही मागून घेतला. तो जाड, टणक पॉलिथिनचा, पाणी न पिणारा. बोटींवर याच जातीचा पत्रा वापरतात. पाऊण इंच जाडीचा तो तुकडा पेडलखाली घातला. आता पाऊल डेकच्या पाव इंच खाली. तुकडा थोडा पुढे सरकवून त्यावर पेडल बसवलं, तसं टाचेचं घासणंही थांबलं. बुटाचं टोक पुढच्या भिंतीपासून जेमतेम अर्धा इंच सुटत होतं, पण सुटत होतं. अर्धा तास उभे राहिल्यावरही काकांचे दोन्ही गुडघे सरळ होते. खोली तिथे ठरली.

ट्रेच्या खोक्यावर छापलेलं माप पेडलसाठी असतं. माप घ्यायचं ते माणसाच्या खुब्याचं.

निर्णय दुसरा: जागा कुठली?

गॅरेजमध्ये ठरलं ते फक्त उभं मोजमाप. आडवं मोजमाप डेकच्या खाली काय आहे त्यावर अवलंबून होतं, आणि ते दिसत नव्हतं.

पुढच्या डेकमध्ये मागे सामानाचा एक कप्पा होता. त्याच्या समोरच्या भिंतीला हवेसाठी भोकं होती. त्यातून पाइपात घालतात तसला लवचिक कॅमेरा सरकवला. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं ते असं: डेकचं प्लायवुड, त्याखाली डावीकडून उजवीकडे जाणारा अॅल्युमिनियमचा अँगल, त्याखाली दोनेक इंच मोकळी जागा आणि मग पिवळा फोम. फोमवरून वायरींचा एक जुडगा पसरलेला: पुढच्या दिव्याची, मासे दाखवणाऱ्या यंत्राची आणि मोटरची मुख्य वायर.

काकांनी पेडल जिथे असायचं तिथे खडूने खूण केली होती. तो अँगल बरोबर त्या खुणेच्या पुढच्या एक तृतीयांश भागातून जात होता.

दोन मार्ग होते. अँगल कापायचा आणि भोकाभोवती नवी चौकट करून भार दोन बाजूंनी वळवायचा. किंवा भोक अडीच इंच मागे न्यायचं आणि अँगलला हातच लावायचा नाही. काका पहिल्याच्या बाजूने. अडीच इंच मागे गेलं की खुंटांच्या कडेला गळ टाकायचा कोन बदलतो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं. मी दुसऱ्याच्या बाजूने. बोटीचा पुढचा भाग लाटांवर आपटतो, तिथला प्रत्येक आडवा अँगल बनवणाऱ्याने काही विचाराने ठेवलेला असतो.

वाद खूण पुसून मिटला. ट्रेलरवर बोट समतल करून पेडल दोन्ही जागी ठेवून पाहिलं. मागच्या जागी एक अनपेक्षित फायदा निघाला. मोटरपासून पेडलपर्यंतच्या केबलला आधी जवळच तीव्र वळण घ्यावं लागत होतं. अडीच इंच मागे गेल्यावर ते वळण सैलावलं. या केबलला तीव्र वळण दिलं की पेडल जड चालतं आणि कालांतराने आतली तार कुरतडली जाते. कोनाची तक्रार काकांनी तिथे सोडली.

अँगल वाचला तरी भोकाच्या दोन लांब कडा उघड्या राहणार होत्या, आणि तिथेच माणसाचा डावा पाय टेकतो. स्लॅबमध्ये जिन्यासाठी जागा सोडली की कडेने बीम देतात, तसे इथे खालून दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचे अँगल टाकले. पुढे त्या जुन्या आडव्या अँगलवर आणि मागे कप्प्याच्या चौकटीवर त्यांना टेकू मिळाला. बोल्ट स्टेनलेसचे, पण अॅल्युमिनियमला लागतील तिथे गंजरोधक पेस्ट लावून, नाहीतर दोन धातूंत ओलाव्याने हळूहळू पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं.

निर्णय तिसरा: फोमचं काय?

बरेच जण फोम ओरबाडून काढतात आणि विसरून जातात. तो फोम डेकच्या आधारासाठी नसतो, बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून असतो. अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान अशा बोटींनी पाणी भरल्यावर बुडू नये आणि समतल तरंगावं, असा कोस्ट गार्डचा नियम बोट बनवणाऱ्यांवर आहे. मालकाने नंतर काय केलं ते कोणी तपासायला येत नाही. पण पाण्याला काही विचारून यायचं नसतं.

हिशेब सोपा आहे. एक घनफूट फोम साधारण साठ पौंड उचलून धरतो. ट्रेसाठी साधारण अठरा बाय अकरा बाय तीन इंच फोम काढावा लागणार होता, म्हणजे एक तृतीयांश घनफूट, म्हणजे वीस पौंडांचा आधार. फार नाही, पण तो बोटीच्या अगदी पुढच्या टोकाचा. तेवढ्याच आकारमानाचे बंद-पेशी, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमचे तुकडे आम्ही डेकच्या खालीच दोन्ही बाजूंना, कडेच्या पोकळीत घट्ट बसवले. फोम कापताना लांब पात्याची सुरी वापरली. तापलेली तार वापरायचं काकांच्या मित्राने सुचवलं होतं. पॉलियुरेथेन जळलं की विषारी धूर होतो, त्यामुळे ते साफ नाकारलं.

प्रत्यक्ष काम आणि मध्येच आलेली वायर

बॅटऱ्यांच्या वायरी आधी काढल्या. पेडल चुकून दाबलं गेलं आणि ट्रेलरवर पंखा फिरला तर समोर उभ्या माणसाची बोटं जातात. गालिचा मधोमध चिरून चारी बाजूंना दुमडला. चारही कोपऱ्यांना आधी गोल भोकं, मग जिगसॉ. चौकोनी कोपरा ठेवला की तडा तिथून सुरू होतो. जिगसॉचं पातं मुद्दाम आखूड केलं होतं, प्लायवुडच्या खाली फार उतरू नये म्हणून, कारण खालून वायरी जात होत्या.

तुकडा वर काढला आणि काम थांबलं.

मोटरच्या मुख्य वायरीला मध्येच जोड होता. आधीच्या कोणा मालकाने दोन टोकं पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेप उलगडली तर आतलं तांबं हिरवं झालेलं, आणि एका बाजूला टेपवर वितळल्याचा डाग. कॅमेऱ्याने हे दाखवलं नव्हतं; तो जोड अँगलच्या सावलीत होता. वायर होती दहा गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) आणि बॅटरीजवळ ब्रेकर नव्हताच.

दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातले. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास येऊ लागलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, आणि वर्षातले सगळ्यात मोठे मासे त्या काही आठवड्यांत लागतात. काका कॅलेंडरवर बोट ठेवून उभे. “जोड नीट करू, टेप मारू, वायर उन्हाळ्यात बदलू.”

मी कागद घेतला. बॅटऱ्या मागे, मोटर पुढे, वीस फूट जायचं, वीस फूट यायचं. मोटर पूर्ण वेगात बेचाळीस अँपिअर खेचते. दहा गेजच्या चाळीस फूट तारेत एवढ्या प्रवाहाला जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात, चोवीसातले सात टक्के. तो कुजका जोड धरलेलाच नाही. सहा गेजची वायर घातली तर तोटा दोन-तृतीयांश व्होल्टवर येतो, तीन टक्क्यांच्या आत. आणि तो वितळल्याचा डाग गालिच्याखाली, लाकडाखाली, फोमला चिकटून होता.

आकड्यांनी काका हलले नाहीत. डाग बघून हलले. पूर्ण वायर बदलली: सहा गेजची, कथिलाचा मुलामा दिलेली, सलग, मध्ये कुठेही जोड नाही, आणि बॅटरीजवळ पन्नास अँपिअरचा ब्रेकर. फक्त जोड दुरुस्त करून त्यावर ट्रे बसवला असता तर पुढच्या वेळी तिथे पोचायला ट्रे, स्क्रू, गालिचा सगळं उचकटावं लागलं असतं. भोक उघडं असताना जी वायर हाताला लागते ती नंतर लागत नाही.

बाकीचं काम सरळ गेलं. प्लायवुडच्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात, कारण लाकूड कुजतं ते कडेकडून. गालिचा आत वळवून चिकटवला. ट्रेच्या तळाला निचऱ्याचं भोक पाडून त्याला नळी जोडली. ती बोटीच्या तळाशी मधोमध असलेल्या मोकळ्या वाटेत सोडली, तिथलं पाणी आपसूक मागच्या पंपाकडे जातं. टेक्ससात वसंतात वादळी पाऊस कोसळतो आणि निचरा नसलेला ट्रे म्हणजे पेडलची स्विचं बुडवायची बादली.

परिणाम

हंगामाचा पहिला आठवडा हुकला. त्याबद्दल मला अजून ऐकवलं जातं.

त्यानंतर काका पूर्ण वसंत उभ्याने मासेमारी करत होते. खुब्याचं दुखणं पूर्ण गेलं नाही. फिजिओचे व्यायाम चालूच होते, त्यामुळे किती श्रेय खड्ड्याला आणि किती व्यायामाला हे सांगणं कठीण. पण रविवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, हे काकूंनी सांगितलं आणि त्यांच्या साक्षीवर माझा जास्त विश्वास आहे. लाटेला उभं राहणं तर पहिल्याच दिवशी बदललं. दोन्ही पाय एका पातळीवर असले की शरीर आपोआप दोन्ही गुडघ्यांनी लाट घेतं.

मोटरला जोर आला, असं काका म्हणतात. तो खड्ड्याचा नाही, वायरीचा.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. वेग कमी-जास्त करायची चकती पेडलच्या बाजूला असते. पेडल डेकवर असताना काका ती डाव्या बुटाच्या टोकाने फिरवत. आता ती ट्रेच्या भिंतीच्या आत आहे. बूट शिरत नाही, वाकून हाताने फिरवावी लागते. कमरेसाठी केलेल्या कामात पुन्हा कमरेनेच वाकायचं, हा विनोद काकांना आवडत नाही. गॅरेजमधल्या चाचणीत चकती कोणी फिरवलीच नव्हती, कारण मोटर जोडलेली नव्हती.

दुसरी गोष्ट निचऱ्याची. एप्रिलच्या पावसानंतर ट्रे काठोकाठ भरलेला सापडला. नळीच्या तोंडात मऊ प्लास्टिकचा कृत्रिम गांडूळ अडकला होता, गळाला लावतात तो. डेकवर असे तुटके तुकडे पडलेलेच असतात आणि खड्डा हे त्यांचं हक्काचं घर. आता भोकावर जाळी आहे, आणि ती महिन्यातून एकदा काढून धुवावी लागते.

एकूण खर्च ट्रे, वायर, ब्रेकर, इपॉक्सी, अँगल आणि फोम मिळून साडेचारशे डॉलरच्या घरात गेला. त्यातला निम्म्याहून जास्त वायरीचा.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलायला हवा. कापायच्या आधी मोटर पाण्यात पूर्ण वेगात चालवून पुढच्या प्लगपाशी आणि बॅटरीपाशी व्होल्टेज मोजायचं. दोन आकड्यांत व्होल्टभराहून जास्त फरक दिसला की वायरीत काहीतरी आहे, हे दहा मिनिटांत कळतं. वायर आधीच मागवली असती तर हंगामाचा आठवडाही वाचला असता.

ट्रे निवडताना खोलीपेक्षा रुंदीकडे बघावं. चकतीच्या बाजूला बुटाचं टोक शिरेल एवढी, साधारण दोन इंच, जागा सुटेल असा ट्रे मिळतो. तो महाग असतो आणि भोकही मोठं लागतं. काकांच्या बोटीत दोन अँगलमधली जागा त्याला पुरली असती का, हे मोजून बघायला हवं होतं. ते मोजलं नाही, कारण ट्रे आधी आला आणि बोट नंतर उघडली.

घरातल्या दुसऱ्या माणसाचा विचारही सुरुवातीला व्हायला हवा. काकांचा मुलगा कधीमधी बोट नेतो आणि तो डावा पाय पेडलवर ठेवतो. डेकवरचं पेडल उचलून तो हवं तिथे ठेवायचा. आता ते एका जागी रुतलेलं आहे. तो उभा राहतो, पण अंग पिळून.

आणि शेवटचं, मोटर. ही मोटर आणखी किती वर्षं चालेल? पुढची विजेवर वळणारी असेल तर तिचं पेडल पातळ असेल, आणि साडेचार इंचांच्या खड्ड्यात ते विहिरीत पडल्यासारखं दिसेल. म्हणून तो पांढरा कटिंग बोर्ड चिकटवलेला नाही, चार बोल्टांवर आहे. त्याखाली आणखी थर घालता येतील. डेकमधून कापून काढलेला प्लायवुडचा तुकडाही फेकलेला नाही. कडेला इपॉक्सी लावून, वर उरलेला गालिचा चिकटवून त्याचं झाकण करायचं काम मुलाकडे दिलं आहे. काकू म्हणतात तो बोर्ड परत द्या, पण त्याला आता आठ भोकं आहेत.